नंबर एकचं गाणं, मुक्काम पोस्ट जालना

1935, पहाट

निजाम सरकारच्या रेल्वेची मीटरगेज गाडी तुम्हाला जालन्याच्या फलाटावर सोडून सिकंदराबादकडं निघून गेली आहे. अजून उजाडलेलं नाही. खिशातल्या नोटा बाहेर काढू नका, इथं बाजारात हाली सिक्का चालतो. कानांवर भरवसा ठेवा आणि गावात शिरा.

पहिला आवाज येतो जात्याचा. भिंतीपलीकडं दोघी समोरासमोर बसल्या आहेत, खुंट्यावर चार हात, शेजारी ज्वारीची पाटी. एकीनं ओवी उचलायची, दुसरीनं झेलायची. दळण सरेपर्यंत माहेर, भाऊराया, पंढरीची वाट, सीतेचा वनवास असं सगळं येऊन जातं. पलीकडच्या घरात चाल तीच, शब्द निराळे. अख्ख्या गल्लीला पाठ असलेल्या या गाण्याला वेगळा श्रोता नाही; जी गाते तीच ऐकते. तुम्ही फार वेळ रेंगाळलात तर आतून आवाज येईल, "कोन हाय बाहीर?" तेव्हा चालू लागा.

या ओव्या आज कुणी मोजत नाही. पुढं काही दशकांनी हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ महाराष्ट्रातली खेडी पालथी घालतील आणि त्यांच्या कामातून लाखाहून जास्त ओव्या लिहून निघतील. तोवर पिठाच्या गिरणीनं बहुतेक जाती थांबवलेली असतील.

दिवस वर आला की मोंढ्याकडं वळा. सरकीचा वास, बैलगाड्या, हमालांची ओरड. एका अडत्याच्या माडीवर फोनो आला आहे. मालक स्वतः चावी भरतात, सुई बदलतात आणि मगच तबकडी लावतात. सुईच्या डबीला हात लावायची मुभा घरात दुसऱ्या कुणाला नाही. मिनिटाला 78 फेरे, एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं. रंगमंचावर वन्समोअर घेत जे पद बालगंधर्व कितीही वेळ रंगवायचे, ते इथं सुई मधल्या लेबलाशी यायच्या आत उरकावं लागतं. गाणं तीन-साडेतीन मिनिटांचं असतं, हे आपल्या कानांना तबकडीनं शिकवलं.

मालकांकडं कंपनीची छापील यादी आहे: नाट्यपदं, भावगीतं, कव्वाल्या, गझला. यातलं काय पुन्हा छापायचं, हे विक्रीवरून ठरतं. म्हणजे गाण्यांची मोजदाद सुरू झाली आहे. ज्याच्या माडीवर फोनो, त्याचं मत धरलं जातं. खाली ओट्यावर उभं राहून ऐकणारे हमाल त्यात नाहीत, आणि पहाटे दळणाऱ्या त्या दोघी तर नाहीतच.

1955, बुधवार, रात्रीचे आठ

स्टेशनाजवळच्या चहाच्या हॉटेलात बाकड्यावर जागा मिळत नाही. पोलीस ॲक्शनला सात वर्षं होत आली. निजामाचं राज्य गेलं, जालना अजून हैदराबाद राज्यातच आहे. तीन वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा सार्वत्रिक निवडणुकीत मत दिलं. आजही ते मतमोजणी ऐकायलाच जमले आहेत, फक्त ही गाण्यांची आहे.

छपरावर दोन बांबूंमध्ये तांब्याची तार ताणली आहे. खाली फळीवर बॅटरीवर चालणारा रेडिओ. मालक बटण केसभर फिरवतो, खरखर, शिट्टी, कुठली तरी परकी भाषा, आणि मग एकदम स्वच्छ आवाज. अमीन सयानी बहनांना आणि भाइयांना हाक मारतात. "जरा आवाज बढाव मियाँ," मागून कुणी म्हणतं. "गप बसा ना भौ, ऐकू द्या," पुढून उत्तर येतं.

हा आवाज मुंबईत रेकॉर्ड झाला आहे. तिथून टेप विमानानं कोलंबोला गेली आणि रेडिओ सिलोनच्या शॉर्टवेव्हवरून आता समुद्र ओलांडून जालन्यात उतरते आहे. एवढा वळसा पडला तो दिल्लीमुळं. 1952 पासून माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री आहेत बाळकृष्ण केसकर, मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर कैवारी. सिनेगीतांनी जनतेची अभिरुची बिघडते, असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवरची सिनेगीतं आटत गेली आणि त्याच वर्षी, 3 डिसेंबर 1952 ला, टूथपेस्टच्या कंपनीच्या पैशावर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. सयानींना तेव्हा विशी लागायची होती.

सुरुवातीला खेळ साधा होता. सात गाणी लागायची, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा, बक्षीस शंभर रुपये. चाळीस-पन्नास पत्रांची अपेक्षा होती. पहिल्याच खेपेला नऊ हजार आली. पुढं क्रमवारीच कार्यक्रमाचा कणा झाली. गाणं वरच्या 'पायदान'वर चढलं की हॉटेलात टाळी पडते, घसरलं की सुस्कारे. ठरावीक आठवडे टिकलेल्या गाण्याला 'सरताज' करून निरोप देतात. 1953 च्या वार्षिक यादीत 'अनारकली'तल्या लताबाईंच्या गाण्यानं पहिला नंबर मारला, यावर इथं अजून वाद चालू आहे.

क्रम लागतो कसा? आधी शहरांतल्या रेकॉर्डच्या दुकानांतून विक्रीचे आकडे मागवले गेले. पण दुकानदाराला वश करणं निर्मात्याला अवघड नसतं. म्हणून श्रोता संघांची मतं धरली जाऊ लागली. चार पोरांनी एकत्र यायचं, संघाला नाव द्यायचं, दर आठवड्याला पत्र टाकायचं. या हॉटेलातल्या गर्दीत रेकॉर्ड विकत घेणारा बहुधा एकही नाही. दुकानाच्या हिशेबात त्यांचं मत शून्य. पोस्टकार्डाच्या हिशेबात त्यांचंही एक. पेटीवर बसलेल्या पोरानं आत्ताच ते लिहायला घेतलं आहे, बाकीचे त्याच्या खांद्यावरून सूचना करतायत.

आणि आता ते ऐका: पुंगी. 'नागिन' मागच्या वर्षी आला, संगीत हेमंतकुमारांचं. सगळं हॉटेल डोलायला लागतं. गंमत अशी, की ही पुंगी गारुड्याची नाहीच. कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर वाजवली आणि जोडीला रवींची पेटी होती. तीच पेटी, जिला आकाशवाणीवर 1940 पासून बंदी आहे. सरकारनं अडवलेलं वाद्य आणि सरकारनं अडवलेली गाणी, दोन्ही कोलंबोमार्गे जालन्यात पोचली आहेत. ही सुरावट नीट ध्यानात ठेवा. आज हॉटेलात जी काही गाणी वाजतील, त्यात सर्वांत चिवट हीच निघणार आहे.

एक गोष्ट मात्र खटकू द्या. तासाभरात मराठी गाणं एकही नाही. ही हिंदी सिनेमाची यादी आहे, आणि शेवटपर्यंत तशीच राहील.

1972, डिसेंबर

पाऊस आलेला नाही. जालन्याबाहेरच्या रस्त्यावर दुष्काळी काम सुरू आहे: बाया खडी फोडतायत, गडी पाट्या उचलतायत, लेकरं कडेच्या सावलीत. घरी परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी. गावातल्या विहिरीचा तळ दिसतो.

मुकादमाच्या खुर्चीला कातडी पिशवीतला ट्रान्झिस्टर लटकला आहे. रेडिओ आता हॉटेलाच्या फळीवरून खांद्यावर आला, बैलगाडीवर आला, मळ्यात आला. परभणीला 1968 पासून आकाशवाणी केंद्र आहे, त्यामुळं बाजारभाव आणि मराठी गाणी कोलंबोचा वळसा न घेता येतात. 'आपली आवड'मध्ये निवेदिका फर्माईश करणाऱ्यांची नावं गावासकट वाचते आणि आपल्या तालुक्याचं नाव आलं की पाट्या क्षणभर थांबतात. गाण्यापेक्षा नावाची वाट पाहणारे जास्त.

या वर्षीच्या गीतमालेत पहिलं आलं ते 'हरे रामा हरे कृष्णा'मधलं आशाबाईंचं गाणं, राहुलदेव बर्मनांची चाल, पडद्यावर काठमांडू, हिप्पी आणि गांजाचा धूर. मुकादमाच्या ट्रान्झिस्टरवर ते आत्ता वाजतंय. खडी फोडणारी एक म्हातारी विचारते, "ही बाई एवढी काहून तळमळायली?" कुणाकडं उत्तर नाही, पण हातोड्या तालावर पडायला लागल्या आहेत.

या गाण्याचा पहिला नंबर खोटा नाही. देशभरातल्या हजारो पोरांना ते खरंच वेड लावून गेलं. पण ट्रान्झिस्टर बंद झाला की बायांमधून जे उठतं, त्याची चाल तुम्ही 1935 साली ऐकलेली आहे. जात्याची ओवी खडीवर आली आहे आणि तिच्यात आता दुष्काळ, मिलो आणि हजेरीचा कारकूनही शिरला आहे.

तीन वर्षांनी, 1975 च्या यादीत, 'रोटी कपडा और मकान'मधली महागाईची कव्वाली पहिली येईल. घरातली चणचण यादीवर चढायला तेवढा वेळ लागला, आणि तीही तालेवार सिनेमाच्या पाठीवर बसून.

रात्री जत्रेच्या मैदानावर तंबूत जा. 'पिंजरा' लागला आहे. राम कदमांचं संगीत, जगदीश खेबुडकरांचे शब्द, उषा मंगेशकरांचा आवाज. ढोलकी सुरू होताच पुरुषांच्या बाजूनं पडद्यावर पैसे फेकले जातात आणि सतरंजीवरचा एक जण ओरडतो, "रीळ मागं घ्या!" दुष्काळात चिल्लर फेकणं सोपं नाही. या मतदानात कार्ड, पत्ता, शिक्का काही नाही. झाडूवाला पहाटे ती चिल्लर गोळा करील.

1989, एप्रिल

जालना जिल्हा होऊन आठ वर्षं होतील येत्या 1 मेला. औरंगाबादेतून चार तालुके आले, परभणीतून परतूर. बसस्टँडसमोर कॅसेटची टपरी आहे, तिच्यापुढं उभे राहा. इथं बराच वेळ काढावा लागेल.

टपरीवाल्याकडं दोन भिंती कॅसेटनं भरलेल्या आणि मधे दोन डेक. वहीच्या पानावर तुम्ही गाण्यांची यादी द्यायची, संध्याकाळी तो साठ किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट भरून देतो. कायद्यात ते बसतं का, हा प्रश्न इथं कुणी विचारलेला नाही. गुलशनकुमारांच्या टी-सीरीजनं आणि तशाच नव्या कंपन्यांनी कॅसेट इतकी स्वस्त केली, की ट्रॅक्टरवर टेप असलेला माणूसही गिऱ्हाईक झाला. तबकडी काढायला मोठी कंपनी, मोठा स्टुडिओ, मोठा पैसा लागायचा. कॅसेट थोड्या पैशांत निघते आणि जिथं खपेल तिथंच पोचवता येते. म्हणून जे गाणं पन्नास वर्षं यादीबाहेर होतं, ते पहिल्यांदाच दुकानात मांडलं गेलं.

"काय खपायलंय मालक?"

"हिंदीत 'राम लखन'. पर खरं विचारसाल तर शिंदे."

शिंदे म्हणजे प्रल्हाद शिंदे आणि त्यांची पोरं, आनंद आणि मिलिंद. आनंद शिंद्यांचं पोपटाचं गाणं लग्नात, एसटीत, सलूनमध्ये, रसवंतीवर वाजतं. मास्तर लोक नाक मुरडतात आणि गुणगुणतात. याच घरातल्या थोरल्या गळ्यातून विठ्ठलाची गाणी निघाली, कव्वाल्या निघाल्या आणि भीमगीतंही निघाली. आषाढीला एका वस्तीत आणि चौदा एप्रिलला दुसऱ्या वस्तीत कर्ण्यावर प्रल्हाद शिंदेच असतात. ज्या दोन वस्त्या एका पाणवठ्यावर यायला कचरतात, त्यांच्या कपाटात एकाच गायकाच्या कॅसेट आहेत.

जयंती जवळ आली आहे, म्हणून टपरीवाल्यानं पुढच्या फळीवर भीमगीतं लावली आहेत. कॅसेटच्या कितीतरी आधीपासून ही गाणी मराठवाड्यात पायी फिरली. वामनदादा कर्डकांनी हयातभर गावोगाव जाऊन ती लिहिली, गायली, पोरांना शिकवली. वह्यांत उतरून घेतलेली, सभेत पाठ झालेली ती गाणी आता प्लास्टिकच्या डबीत बसली आहेत. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी चाललेल्या लढ्यात ती गायली गेली. नामांतर व्हायला अजून पाच वर्षं आहेत.

याच साली गीतमाला रेडिओ सिलोन सोडून विविध भारतीवर आली. आता छपरावर तार ताणायला नको, खरखर नाही. तरी स्टँडवर तिची चर्चा ऐकू येत नाही. टपरीवाल्याचं 'संपली, परवा या' हेच इथलं पायदान झालं आहे. त्यात मराठी आहे, भीमगीत आहे, भारूड आहे, फारच शिवराळ अशीही एक फळी मागच्या बाजूला आहे. अभिरुची सुधारली की बिघडली, हा वाद केसकरांच्या जागी आता गावातली मास्तर मंडळी घालतात. टपरीला एवढंच कळतं की मागणाऱ्यांची रांग लांबली.

2010, मग लगेच 2016

टपरी तिथंच आहे, कॅसेट गेल्या. आत संगणक, बाहेर पाटी: मेमरी कार्ड भरून मिळेल. पोरगं दोन जीबीचं कार्ड पुढं करतं. "काय टाकू?" "टाक ना दादा, चालतंय ते सगळं." पाचशे गाणी एका दमात. 1935 चा अडतेमालक एका तबकडीसाठी माडीवर माणसं बोलवायचा. हे पोरगं पाचशेतली चाळीसच ऐकणार आहे, आणि कुठली चाळीस हे टपरीवाल्यालाही कळणार नाही. लोकांपुढं मत मांडायला एकच जागा उरली, कॉलर ट्यून. सोयाबीनचा भाव विचारायला फोन करा, आधी 'नटरंग'मधली लावणी ऐकावी लागते. अजय-अतुलनी ढोलकी परत आणली आणि मोबाईल कंपनी त्याचे महिन्याला पैसे कापते.

सहा वर्षं पुढं. 29 एप्रिल 2016 ला 'सैराट' आला. नागराज मंजुळे करमाळ्याकडचे. पोरांना पडद्यावर आपलंच गाव दिसतं, आपलीच बोली ऐकू येते. अजय-अतुलनी त्यातला वाद्यवृंद थेट हॉलिवूडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला आणि त्याच सिनेमातल्या 'झिंगाट'वर भोकरदनपासून मंठ्यापर्यंत वराती अडल्या. मराठी गाण्याचं 'हिंदीइतकं वाजलं' हे कौतुक इथं संपतं. आता हिंदीवाले या गाण्याची आवृत्ती काढतील. सप्टेंबरात जिओ आलं. आणखी थोड्या दिवसांनी टपरीवाला पाटी उतरवून मोबाईलच्या काचा बदलायला लागला.

2025, डिसेंबर, रात्रीचे पावणेदहा

औद्योगिक वसाहतीवरून या. सळईच्या कारखान्यातली पाळी सुटली आहे. बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले कामगार चहाच्या गाड्यावर उभे आहेत, फोनवर भोजपुरी गाणं. त्याच गाड्यावर मंठ्याकडच्या तांड्यावरचा पोरगा 'गुलाबी साडी' लावून बसला आहे. संजू राठोड जळगाव जिल्ह्यातल्या तांड्यावरचा. सिनेमा नाही, मोठी कंपनी नाही, आणि 2024 साली त्याचं गाणं देशभर रीळांवर नाचलं. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचं मराठा आरक्षणासाठीचं उपोषण राज्यभर गाजलं, त्यावरचीही गाणी यूट्यूबवर आहेत. स्टुडिओ म्हणजे आता एक खोली आणि एक माईक.

मत द्यायला पोस्टकार्ड नको. नुसतं ऐकलं तरी नोंद होते, अर्ध्यावर सोडलं तरी होते. इतकी बारीक मोजणी कधीच नव्हती. तरी गाड्यावरच्या दोघांना एकमेकांचं नंबर एकचं गाणं माहीत नाही. याच वर्षी जुलैत यूट्यूबनं सगळ्यांसाठीचं एकच 'ट्रेंडिंग' पान बंद करायला घेतलं. वर्षअखेरीला फोन तुम्हाला तुमचीच यादी दाखवतो: एक मतदार, एकच मतपेटी. हॉटेलातल्या त्या बुधवारी निम्मे लोक हरायचे, आपलं गाणं घसरलेलं मुकाट ऐकायचे, आणि दुसऱ्याचं गाणं त्यांच्या कानात बसायचं. फोनवर कुणी हरत नाही, त्यामुळं कुणाच्या कानात दुसऱ्याचं गाणं शिरतही नाही.

हरण्याची सोय एका ठिकाणी अजून शिल्लक आहे. अंबड रस्त्यावर मंगल कार्यालयापुढं वरात थांबली आहे. ट्रकवर डीजे, आसपासच्या घरांच्या काचा थरथरतायत. लॅपटॉपवर वाकलेला पोरगा पडद्याकडं कमी आणि गर्दीच्या कडेला जास्त पाहतो. मधली पोरं कशावरही नाचतात, त्यांची त्याला चिंता नाही. कडेला हातात पर्स धरून उभ्या असलेल्या मावश्या, दंडाला धरून आणलेले आजोबा, नवरीच्या गावचे अवघडलेले पाहुणे, यांचे पाय हलतात का हे तो बघतो. भीमगीत लावतो, एक कोपरा पेटतो. 'झिंगाट' लावतो, दुसरा. मग तो पुंगी सोडतो.

सत्तर वर्षांपूर्वीची क्लॅव्हिओलिन, आता खाली दणदणता ठेका. दातांत रुमाल धरून एक जण डांबरावर आडवा झाला, समोर दुसरा गारुडी. मावश्यांनी पर्स एकीकडं सोपवल्या. आजोबा दंड सोडवून घेतायत. इथं कुणाला हेमंतकुमार आठवत नाहीत, 'नागिन' बहुतेकांनी पाहिलेला नाही, आणि हे गाणं आज कुठल्याही यादीत नाही.

तुम्ही ट्रकपाशी सरकता. इतकी वर्षं नुसतं ऐकत आलात, आता तोंडाशी एक फर्माईश आली आहे. पोरगा वाकून कान देतो, मान डोलावतो. मग मनगटावरच्या घड्याळाकडं पाहतो. दहाला बंद केलं नाही तर पोलीस ट्रक उचलतील.

"लावतो की काका. पर तुमच्या म्होरं सहा जन हायेत."